टकळीला इंग्रजी आलं त्याची हकीकत

टकळी साडेतीन वर्षांची झाली आणि घरावर काळजीचं सावट आलं. तिला अजून इंग्रजी येत नव्हतं.

एरवी मुलीत नाव ठेवायला जागा नव्हती. दात वेळेवर आले होते, दूध कुरकुर न करता प्यायची, आणि बोलण्याचं तर विचारूच नका. सकाळी डोळ्यांबरोबर तोंड उघडायचं ते झोपतानाच मिटायचं. मुंगीला आजोबा असतात का, पाण्याला तहान लागते का, आपण बाहेर गेलो की घरातल्या खुर्च्या काय करतात, असले एकेक प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत थांबायची नाही आणि मिळाल्यावर तर मुळीच नाही. "हिची टकळी काही बंद पडत नाही," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यातून नाव पडलं, आणि खरं नाव जन्मदाखल्यापुरतं उरलं.

आई पाणीपुरवठा कचेरीत टायपिस्ट होती. दिवसभर "उपरोक्त विषयास अनुसरून" आणि त्याची इंग्रजी भावंडं बडवून तिची बोटं आणि डोकं दोन्ही बधिर व्हायची. संध्याकाळी जिना चढताना मात्र ती कान टवकारायची. वरून टकळी ऐकू आली की अंगातला शीण तिथेच उतरायचा. तिला त्या बडबडीचं चक्क व्यसन लागलं होतं. पण ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तिला कधी वाटलं नाही.

शिवाय ती सगळी बडबड मातृभाषेत. म्हणजे वायाच.

"आमचा गोट्या सगळे रंग इंग्रजीत सांगतो," समोरच्या वहिनी एकदा दारातच म्हणाल्या. "तुमची कशात सांगते हो?"

"ती रंगांच्या गोष्टी रचते. काल सांगत होती, हिरवा आणि पिवळा..."

"ते असू दे. कशात सांगते?"

आईने विषय बदलला. रात्री बाबांना म्हणाली, "अहो, आपण मुलीचं नुकसान करतोय." बाबा बँकेत काउंटरवर बसायचे. नुकसान हा शब्द त्यांना लगेच कळायचा. दुसऱ्याच दिवशी दोघं टकळीला घेऊन शिशुशाळेत गेले.

शिशुशाळा म्हणजे एका बंगलीचा तळमजला. भिंतीवर सफरचंदं, अस्वलं आणि नारिंगी सूर्य. मागच्या अंगणात घसरगुंडी. संचालिका मॅडम गोल टेबलामागे बसल्या होत्या, आणि टकळी त्यांच्या गळ्यातल्या मण्यांना नावं ठेवत होती. म्हणजे खरोखरच नावं ठेवत होती. हा बंड्या, ही त्याची मावशी.

"बोलते फार," मॅडम म्हणाल्या. आवाजात डॉक्टरी गांभीर्य होतं.

"हो ना," आई ओशाळून म्हणाली.

"उशीर केलात. पण बघू या." मॅडमनी टकळीच्या हातून मणी सोडवून घेतले. "एक लक्षात घ्या. आमच्याकडे इंग्रजी शिकवत नाहीत. शिकवलेलं इंग्रजी टिकत नाही. आम्ही इंग्रजीला जागा करून देतो. जुना भाडेकरू ठाण मांडून बसलेला असताना नवा येईल का? आधी घर रिकामं हवं."

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. त्यांच्या बँकेत भाडेकरूंची प्रकरणं यायची.

मग मॅडमनी शास्त्र सांगितलं. परकी भाषा कानावर पडू लागली की लहान मूल काही काळ गप्प राहतं. नुसतं ऐकतं, मुरवतं आणि मग बोलतं. त्याला मौनकाल म्हणतात. परदेशातल्या संशोधकांनी तो नुसता पाहिला होता. मॅडमनी तो लागू केला. शाळेत मुलाला मातृभाषेचा शब्द उच्चारण्यास मनाई. इंग्रजी आलं तर बोलावं, नाही आलं तर येईपर्यंत गप्प बसावं. दिवसभरात तोंडून मातृभाषेचा शब्द न निघालेल्या मुलाला चंदेरी बिल्ला. बरेच दिवस न निघालेल्याला सोनेरी.

"आणि इंग्रजी बोलल्याबद्दल काय मिळतं?" आईने विचारलं.

"ते मोजता येत नाही," मॅडम म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. शाळेतल्या दोन्ही तायांना रंग, फळं, प्राणी आणि "फिंगर ऑन युअर लिप्स" एवढं इंग्रजी यायचं. त्यातल्या शेवटच्यावर त्यांची पकड जबरदस्त होती.

टकळीला बिल्ला मिळायला वेळ लागला. पहिल्या दिवशी तिने ताईला विचारलं, ओठांवर बोट ठेवल्यावर बोटाला गुदगुल्या होतात का? दुसऱ्या दिवशी तिने त्याच शाळेतल्या गोट्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गोट्याचा बिल्ला गेला, कारण तो हसला, आणि ते हसणं मातृभाषेतल्या मजकुरावरचं होतं. वहिनींनी आठवडाभर आईकडे बघणं टाकलं.

मग घरासाठी परिपत्रक आलं. शाळेत रिकामी केलेली जागा घरी संध्याकाळी पुन्हा भरली जाते असे निदर्शनास आले आहे. सबब पालकांनी घरीही फक्त इंग्रजी बोलावे.

दोघांनी कंबर कसली. जेवताना बाबा म्हणाले, "मिल्क. काइंडली ड्रिंक." आईला इंग्रजी वाचायला, टाइप करायला उत्तम यायचं, पण ते सगळं खात्याचं. सांडलेल्या भाताकडे बघून तिच्या तोंडून निघालं, "प्लीज एक्स्प्लेन द डिले." टकळीला वाटलं आईबाबा नवा खेळ खेळताहेत. ती खुदूखुदू हसली आणि तिने विचारलं, "आई, तू कोण झालीयेस?" आईला सांगावंसं वाटलं की मी कुणी नाही झाले गं, मी आईच आहे. पण हे इंग्रजीत कसं सांगायचं ते जुळवेपर्यंत टकळीचा घास गार झाला.

महिन्याभरात दुसरं परिपत्रक आलं. पालकांचे इंग्रजी तपासले असता ते सदोष आढळले. मुलांना चुकीचे उच्चार चिकटत आहेत. सबब पालकांनी इंग्रजी बोलणे तात्काळ थांबवावे. पहिले परिपत्रक मात्र अमलात राहील.

बाबांनी दोन्ही परिपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. "म्हणजे मातृभाषा बोलायची नाही," ते हळूच म्हणाले, "आणि इंग्रजीही बोलायचं नाही."

"मग काय बोलायचं?"

"तेच तर. नियमात बसणारं एवढंच आहे." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काही दिवस खाणाखुणांवर निभावलं. मग तिसरं परिपत्रक: मान डोलावणे, भुवया उडवणे, हात नाचवणे, तोंडाने "च्" करणे हे प्रकार मातृभाषेचेच अवशेष आहेत. आईने भुवयाही आवरल्या. बोलायचंच झालं तर दोघं स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून त्याच्या आवाजाखाली कुजबुजायची. पाणीपुरवठा कचेरीतल्या बाईच्या घरी पाण्याची अशी नासाडी! आईला त्याचीही शरम वाटायची, पण मुलीच्या भवितव्यापुढे पाणी काय घेऊन बसलात.

आणि टकळी गप्प झाली. एका दिवसात नाही. आधी प्रश्न आटले, मग गोष्टी, मग आंघोळीतलं गाणं. शाळेत दुपारच्या झोपेत ती एकदा "आई" म्हणाली, त्यावरून तिचा नुकताच मिळालेला चंदेरी बिल्ला काढून घ्यावा की काय असा पेच पडला. मॅडम आणि दोन्ही ताया मिळून समिती बसली. सदर उच्चार बोलणे नसून कण्हणे आहे, असा निर्वाळा देऊन समितीने तिला ताकीदवजा माफी दिली. नंतर ती झोपेतही बोलली नाही, आणि तिला सोनेरी बिल्ला लागला.

वहिनी स्वतःहून पेढ्यासारख्या गोड झाल्या. "कसं काय जमवलंत हो? आमचा अजून शिंकताना काहीतरी म्हणतो."

आई हसली. त्या संध्याकाळी जिना चढताना तिने सवयीने कान टवकारले. वर काहीच नव्हतं. ती मधल्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. कचेरीत त्या दिवशी काम फार होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

"अहो, मला भीती वाटते," तिने नळ सोडून बाबांना सांगितलं.

"अगं, मौनकाल आहे. जागा झाली रिकामी. आता येईलच."

"आणि नाही आलं तर?"

बाबांनी नळ बंद केला.

पण आलं! एके दिवशी भरदुपारी मॅडमचा फोन आला.  "ताबडतोब या. आलंय!"

फाटकाशी पालकांची झुंबड उडाली होती. मॅडमनी सगळ्यांना चवड्यांवर चालवत मागच्या अंगणात नेलं. घसरगुंडीमागे मुलांचं कोंडाळं बसलं होतं, आणि मुलं बोलत होती. भराभर, एकमेकांना तोडत, खिदळत. टकळी मधोमध. हात नाचवत ती काहीतरी लांबलचक सांगत होती, आणि बाकीची मुलं "झूबा! झूबा!" करून लोळत होती. एकही शब्द मातृभाषेतला नव्हता.

"ऐकलंत?" मॅडम कुजबुजल्या. "इंग्रजी!"

पालक ऐकत राहिले. कुणालाच काही कळलं नाही, आणि प्रत्येकाने बाकीच्यांचे चेहरे पाहिले. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर कळल्याचं समाधान होतं. तेव्हा प्रत्येकाने तेच आपल्याही चेहऱ्यावर चढवलं.

"काय ॲक्सेंट आहे!" कुणीतरी म्हणालं.

"तिकडचाच," वहिनी म्हणाल्या.

परतताना आई बाबांना म्हणाली, "अहो, मला एक अक्षर कळलं नाही. मी रोज इंग्रजी टाइप करते."

"तू करतेस ते छापील," बाबा म्हणाले. त्यांनीही वाटेत यावर विचार केलेला दिसत होता. "हे बोलण्यातलं. इंग्रजी सिनेमा लावतो तेव्हा खालच्या ओळी वाचतो ना आपण? बोललेलं कधी कळतं का? नाही कळत. हे पण नाही कळत. म्हणजे अस्सल आहे. कळलं असतं तर मला शंका आली असती."

 खरं सांगायचं तर आईला यावर उत्तर शोधायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिला वरून टकळी ऐकू आली. टकळी आणि गोट्या, नुसता धबधबा. ती दोनदोन पायऱ्या चढत वर गेली. टकळीने तिला पाहिलं, धावत येऊन पायांना मिठी मारली, वर बघून काहीतरी विचारलं. शेवटाला सूर उंच गेला, म्हणजे प्रश्नच होता.

पालकांना मुलांचे इंग्रजी न समजल्यास "व्हेरी गुड" म्हणावे, असं ताजं परिपत्रक होतं.

"व्हेरी गुड," आई म्हणाली.

टकळीने आईचा पदर ओढला. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. "व्हेरी, व्हेरी गुड," आई म्हणाली, आणि टकळी गोट्याकडे परत गेली.

शाळेची कीर्ती पसरली. प्रवेशासाठी रांगा लागल्या. पोटातल्या मुलांची नावं नोंदवायला आयाबाया येऊ लागल्या. मॅडमनी त्यांना आत्तापासूनच न बोलण्याचा सल्ला दिला. परदेशात राहणाऱ्या काकांना बाबांनी फोनवर टकळी ऐकवली. काका इतकी वर्षं सगळ्यांना तिकडच्या गोष्टी सांगत आलेले. त्यांनी पुन्हा एकदा ऐकवायला सांगितलं आणि मग ते म्हणाले, "उत्तरेकडे असंच बोलतात."

वर्षाच्या शेवटी संमेलन ठेवलं. मॅडमना अस्सल इंग्रज पाहुणा हवा होता आणि तो मिळालाही. पाणीपुरवठा कचेरीत नवे पंप बसवायला एक परदेशी इंजिनिअर आले होते. म्हातारे, भले गृहस्थ. इंग्रजी त्यांची घरची भाषा. फलकावर त्यांचं वर्णन "विख्यात भाषातज्ज्ञ" असं केलं होतं, पण त्यांना फलक वाचता येत नसल्यामुळे काही बिघडलं नाही.

मुलांनी नाटुकलं केलं. ते त्यांनी स्वतःच रचलं होतं, कारण मोठ्यांपैकी कुणी त्यात मदत करण्याजोगं नव्हतं. टकळी झाड झाली होती की राणी, ते समजलं नाही, पण मुलं अशी रंगून गेली होती की सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मग इंजिनिअर बोलायला उठले. परक्या लोकांपुढे बोलायचं म्हणून ते मुद्दाम सावकाश, सोपे शब्द वापरून बोलले. ते म्हणाले, मी आज फार खूश आहे. हल्ली सगळीकडे लोक लहान मुलांवर इंग्रजी लादतात. तुम्ही तसं केलं नाही. तुमची मुलं तुमच्या स्वतःच्या भाषेत किती आनंदाने बोलतात! मला एक शब्दही कळला नाही, पण तुमची भाषा फार गोड आहे. ती जपा.

त्यांनी श्वास घ्यायला जिथे जिथे विराम घेतला, तिथे तिथे टाळ्या पडल्या.

"सर म्हणाले," मॅडमनी माइक घेतला, "की इतकी गोड भाषा त्यांनी दुसरीकडे कुठे ऐकली नाही."

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला सगळं कळलं होतं, अगदी स्वल्पविरामांसकट. घरी आल्याबरोबर तिने नळ सोडला. "अहो, ते इंग्रजी नाहीये! मुलांनी आपलं आपणच काहीतरी बनवलंय. बोलू दिलं नाही, म्हणून बनवलं. त्या माणसाला वाटलं ती आपली भाषा!"

बाबा भांड्यात पडणाऱ्या पाण्याकडे बघत होते. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मलाही कळलं तो काय बोलला ते. इतकं सोपं बोलत होता."

"मग टाळ्या का वाजवल्यात?"

"सगळे वाजवत होते. आणि बँकेत सगळ्यांना सांगून बसलोय गं. साहेबांनी त्यांच्या नातवासाठी शब्द टाकायला सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी आई कचेरीला दांडी मारून मॅडमकडे गेली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांचं वय झालंय," त्या म्हणाल्या. "त्यांचं इंग्रजी जुनं. आपल्या मुलांचं अद्ययावत आहे."

"मॅडम, माझी मुलगी मला काय सांगते ते मला कळत नाही."

"मग अभिनंदन! त्यासाठीच तर आपण तिला इथे घातलंत."

फाटकाशी पालक उभे होते. आईने त्यांनाही सांगितलं, मोठ्याने, चक्क मातृभाषेत. काहींनी घाबरून फाटकाकडे पाहिलं. कुणी चकित झालं नाही. तेच तिला लागलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"समजा तसं असलं," एक बाप हळूच म्हणाला, "तर आमच्या मुलांना मग येतं काय? आपली भाषा तर काढून घेतली."

 मग वहिनींनी घसा साफ केला. "तुमच्या मुलीचा बिल्ला गेला वाटतं? होतं असं. मनाला लावून घेऊ नका हो." सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि घोळका पांगला.

त्याच संध्याकाळी टकळी खेळून घरी आली ती रडतच. पडलेली दिसत नव्हती. आईने गुडघे पाहिले, कपाळ चाचपलं, ताप नव्हता. ओरखडा नव्हता, किडाबिडा चावल्याची खूण नव्हती. टकळी हुंदके देत भराभर काहीतरी सांगत होती, दाराकडे बोट दाखवत होती, मग स्वतःच्या छातीकडे, मग पुन्हा दाराकडे.

"व्हेरी..." आईच्या तोंडात सवयीने आलं, आणि ते तिने गिळलं. तिने लेकीला कवटाळलं. "काय झालं गं माझ्या राणीला? कोण काय बोललं? आईला सांग ना. आपल्या भाषेत सांग. कुणी काही म्हणणार नाही, मी आहे ना. कुठं दुखतंय?"

टकळीचं रडं एकदम थांबलं. तिने घाबरून दाराकडे पाहिलं आणि आपला चिमुकला तळवा आईच्या तोंडावर घट्ट दाबला. आईचा आवाज पूर्ण बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिने तो काढला नाही.

मग तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करत. सांगून झाल्यावर ती आईच्या डोळ्यांत बघत वाट पाहत राहिली.

ती म्हणाली, "तोमी बेझू राल, आकी नेम्मा पो दुले."

याचा अर्थ इथे देण्याचं कारण नाही. वाचक सुशिक्षित आहेत, त्यांचीही मुलं चांगल्या शाळांत आहेत. त्यांना तो कळलाच असेल.